विश्वस्तांना दोन टर्मनंतर मोकळं करावं का?

सातपूरची_खजिनदार
सातपूरला आमची अभ्यासिका आहे. 43 सभासद, 7 विश्वस्त, त्यातले 5 स्थापनेपासूनचे. 2023 च्या मे महिन्यात आयकर खात्याला द्यायचं देणग्यांचं विवरण, म्हणजे 10बीडी, भरायला बसले. शेवटची तारीख 31 मे. ओटीपी गेला चिटणीसकाकांच्या नंबरवर. काका मुलाकडे अमेरिकेत, इकडचा फोन घरी टेबलाच्या खणात. शेजारच्या काकूंकडून घराची किल्ली घेतली, फोन चार्जिंगला लावला, तर सिमचं रिचार्जच संपलेलं! मग नंबर बंद झाला, तो चालू करण्यात आठवडा गेला. 6 दिवस उशीर, दिवसाला 200 रुपये, म्हणजे 1200. आमचं महिन्याचं वीजबिल साधारण तेवढंच येतं.

माझं मत सरळ आहे. 3 वर्षांच्या दोन टर्म, मग खुर्ची सोडायची. काकांबद्दल आदर आहेच, पण संस्था कुणा एकाच्या खणात नसावी.

जुना_चिटणीस
ताई, सिमचा राग वयावर काढताय. मी 22 वर्षं एका संस्थेचं दप्तर सांभाळलं, जरा अनुभव ऐका. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो मंजूर होऊन परिशिष्ट एकवर, म्हणजे तिथल्या संस्थेच्या नोंदीत, नाव चढेपर्यंत बँक सह्या बदलायला कुरकुरते. दर टर्मला अख्खं मंडळ बदललंत तर पहिला अर्ज निकाली निघायच्या आत दुसरा तयार. आमचे तीन साचले होते. बँकेत सही कुणाची, तर वारलेल्या अध्यक्षांची! पगाराचे चेक दोन महिने अडकले. मुदत घालणं सोपं आहे हो, निस्तरणारा कोण?

गंगापूररोडचा_कारकून
करसल्लागाराकडे नोकरी करतो, म्हणून बोलतो. काका, अर्ज रखडतात त्यात बराचसा हात आपलाच असतो. सभेची सूचना दिल्याचा पुरावा नाही, जाणाऱ्याचा राजीनामा नाही, येणाऱ्याचं संमतिपत्र नाही. एका संस्थेचं इतिवृत्त आमच्याकडे आलं होतं. तीन वर्षांच्या सभा एकाच निळ्या पेनाने लिहिलेल्या, आणि एका सभेची तारीख 31 जून. कोरम पूर्ण, ठराव सर्वानुमते!

हरसूल_मार्गे
तुम्ही सगळे मंडळावरच अडलात. मी एका संस्थेसाठी हरसूलजवळच्या पाड्यावर 14 महिने दर शनिवारी गणित शिकवलं. एसटीचं भाडं माझं, तक्रार नाही. पण पोरं नऊला ओट्यावर येऊन बसायची आणि किल्लीवाले साडेदहाला उगवायचे. एक जादा किल्ली करून द्या म्हणून चारदा सांगितलं. उत्तर काय, तर 'बैठकीत ठेवू'. वार्षिक सभेला मला आठवणीने बोलावलं, सतरंज्या घालायला. पुढे मी जायचं बंद केलं, तर एक फोनसुद्धा आला नाही.

जुना_चिटणीस
वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही आहे. जूनमध्ये वीस स्वयंसेवक येतात, झाडासोबत फोटो काढतात. दिवाळीनंतर दोन उरतात.

हरसूल_मार्गे
14 महिने म्हणालो काका. त्यात दिवाळी आली.

पंचवटीकर
आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, 1840 सालचं. तिथे सभासद मतदान करून मंडळ निवडतात, प्रचार रंगतो, तरी वाचनालय चालूच आहे ना?

जुना_चिटणीस
त्यांचे सभासद हजारांत. ताईंकडे 43. निवडणूक लावली तर उमेदवार जास्त आणि मतदार कमी व्हायचे.

गंगापूररोडचा_कारकून
स्वयंसेवकांनाही आल्याआल्या चार गोष्टी शिकवा की. मागच्या गणपतीत एका उत्साही पोराने 5000 रोख घेऊन पावती फाडली. 2000 च्या वर रोख दिलं की देणाऱ्याला 80जी ची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. देणगीदार भडकला, पोरगं परत फिरकलं नाही. दोष कुणाचा? आणि हिशेबाला आठवड्यातून दोन दिवस पगारी माणूस ठेवा. फुकटच्या माणसाला व्हाउचर मागायला आपल्यालाच लाज वाटते.

सातपूरची_खजिनदार
पगारी माणसाचं पटलं, पैशांचं बघावं लागेल. काकांचा बदल अर्जांचा मुद्दाही मान्य. सगळे एकदम नकोत. दर दोन वर्षांनी दोघं बाहेर, दोघं आत, आणि आत येणाऱ्यांत एक जण वर्षभर प्रत्यक्ष काम केलेला स्वयंसेवक. पण मुदत हवीच, त्यावर मी ठाम आहे. संस्थेच्या नावाचं वेगळं सिम आजच घेतलं, पोर्टलवर तोच नंबर देणार. वर्गाच्या किल्ल्याही तीन करतेय.

जुना_चिटणीस
सिम आणि किल्ल्या, शंभर टक्के बरोबर. मुदतीला माझा विरोध कायम. चांगला माणूस निव्वळ कॅलेंडर बघून घालवायचा, हे मला पटत नाही. वाटल्यास सभेला येऊन बोलतो.

सातपूरची_खजिनदार
या ना काका. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेतेय.

गंगापूररोडचा_कारकून
सूचना किती दिवस आधी द्यायची ते आधी नियमावलीत बघा. नाहीतर हाच ठराव अडकेल.

सातपूरची_खजिनदार
नियमावली चिटणीसकाकांच्या कपाटात आहे. फोन लावते त्यांना.