प्रतिसाद: आयगरवरचा तो दोर

'नॉर्थ फेस' या चित्रपटातल्या गिर्यारोहकांनी स्वित्झर्लंडमधल्या आयगर पर्वताच्या कड्यावर आडवं पार जायला लावलेला दोर मागे न ठेवता काढून नेला आणि परतीची वाट बंद झाली. हा निव्वळ मूर्खपणा, हे इथल्या एका वाचकाचं मत पटत नाही. पुढच्या चढाईला दोर हवाच होता आणि त्यांना वरूनच बाहेर पडायचं होतं. दगड लागून त्यांच्यातला आंगरर जखमी झाला, म्हणून माघार घ्यावी लागली.

त्यांच्यातल्याच टोनी कुर्ट्‌सचा शेवट मात्र प्रत्यक्षातही चित्रपटासारखाच झाला. जुलै १९३६मध्ये पर्वताच्या पोटातल्या रेल्वेच्या बोगद्यातून बाहेर आलेल्या बचावपथकाने त्याला दोन दोर जोडून दिले. उतरताना त्या जोडाची गाठ कॅराबिनरमध्ये (दोर अडकवायच्या धातूच्या कडीत) अडकली. एक हात गोठलेला, अंगात त्राण नाही. मदत करणारे काही मीटर खाली उभे असताना तो गेला. हे वाचल्यापासून तो प्रसंग मला पुन्हा बघवत नाही. चित्रपटातलं लुईझ हे पात्र मात्र काल्पनिक आहे. तिच्याशिवायही चित्रपट तितकाच भिडला असता.