पॅसिव्ह जॅझ बास अ‍ॅक्टिव्ह करायची आहे, बजेट ५०००

खर्जातला
माझ्याकडे स्क्वायर कंपनीची चार तारांची जॅझ बास गिटार आहे, पॅसिव्ह म्हणजे बिनबॅटरीची. ऑर्केस्ट्रात वाजवतो: हळदी, गणपतीतले कार्यक्रम वगैरे. घरच्या अ‍ॅम्पवर आवाज छान येतो, पण स्टेजवर ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड सुरू झाले की बास गोधडीत गुंडाळल्यासारखी वाटते. आत प्रीअ‍ॅम्प (आवाज वाढवणारं, बेस-ट्रेबल बदलणारं सर्किट) आणि ९ व्होल्टची बॅटरी बसवून ती अ‍ॅक्टिव्ह करून घ्यावी म्हणतो. कोणतं सर्किट घेऊ? बजेट ५०००, मजुरी धरून. नवीन गिटार घे असं कृपया सांगू नये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठकर
नवीन गिटार घे. थोडे वर टाकलेस तर सेकंडहँड अ‍ॅक्टिव्ह पाच तारी मिळते. खालच्या बी सुराची पाचवी तार एकदा वाजवलीस की चार तारांकडे बघवणार नाही. स्वानुभव.

डागवाले_दादा
अ‍ॅग्विलारचा ओबीपी-३ प्रीअ‍ॅम्प घे, डोळे मिटून. बेस, मिड, ट्रेबल तिन्ही हाताशी. दोन बॅटऱ्या लावून १८ व्होल्टवर चालव, जोरात वाजवलं तरी आवाज फाटत नाही. माझ्या बासमध्ये आहे, साउंडवाले विचारतात कुठली म्हणून.

खर्जातला
दादा, बजेट ५००० आहे.

डागवाले_दादा
एकदाच घ्यायची वस्तू आहे रे.

ढोलकीचा_शेजारी
बॅटरीच्या नादाला लागू नकोस. माझी अ‍ॅक्टिव्ह बास भर कार्यक्रमात फुरफुरली आणि गप्प झाली. आदल्या कार्यक्रमापासून कॉर्ड (वायर) आतच राहिली होती, बॅटरी संपली. यात वेगळा खटका नसतो. बॅटरीची मायनसची वायर स्टीरिओ जॅकच्या मधल्या पत्रीला असते, कॉर्ड खुपसली की सर्किट चालू. घेतलंस तर बॅटरीविना वाजवायला पॅसिव्हवर टाकायची सोय असलेलंच घे.

कोथरूडचा_जेमर्सन
जेम्स जेमर्सनने १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बासवर, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारांवर अख्खं मोटाउन (अमेरिकन रेकॉर्ड कंपनी) वाजवलं. ना बॅटरी, ना प्रीअ‍ॅम्प. बोटांत दम हवा.

डागवाले_दादा
आणि बासवादक मार्कस मिलर? १९७७ ची जॅझ बास, त्यात रॉजर सॅडोव्स्कीने प्रीअ‍ॅम्प बसवला, तोच आवाज पुढे जगभर गाजला. धागाकर्त्याची पण जॅझच आहे.

पेठकर
अ‍ॅक्टिव्ह बास आणली म्युझिक मॅनने, १९७६ ची स्टिंगरे.

कोथरूडचा_जेमर्सन
अलेम्बिक कंपनीवाले त्याच्या आधीपासून करत होते. स्टिंगरे मोठ्या प्रमाणावर निघाली, एवढंच.

पेठकर
मी तेच म्हणतोय.

बोर्डामागचा
इतिहास झाला असेल तर एक विचारतो. खर्जातला, स्टेजवर तुझी कॉर्ड जाते कशात?

खर्जातला
साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये, थेट लाइनला. वायर बरीच लांब असते.

बोर्डामागचा
मग बास ठीक आहे, वाट चुकली आहे. पॅसिव्ह पिकअपला (तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबक-वेटोळ्याला) पुढे निदान ५०० किलोओह्म, शक्यतो १ मेगाओह्म रोधाचा इनपुट लागतो. मिक्सरची लाइन साधारण १० किलोओह्मची. पिकअपवर एवढा भार आला की आवाज पडतो, वरची धार तर पार जाते. त्यात लांब वायर उरलीसुरली ट्रेबल खाते. अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) घे, तुझ्याजवळच ठेव, छोट्या कॉर्डने बास त्यात आणि तिथून बॅलन्स्ड केबल मिक्सरला. मिक्सरला हाय-झेड (जास्त रोधाच्या इनपुटचं) बटण असेल तर आधी छोट्या कॉर्डने तेच दाबून बघ, फुकटात कळेल.

ढोलकीचा_शेजारी
+१. डीआय घे.

डागवाले_दादा
डीआयला मिडचा नॉब असतो का?

टापकीर_गल्ली
प्रीअ‍ॅम्प बसवायचाच असेल तर आधी कंट्रोल प्लेट (नॉबखालची पत्र्याची पट्टी) उघडून बघ. जॅझची खाच अरुंद असते. प्रीअ‍ॅम्प बसला तरी बॅटरी बहुधा बसत नाही, मग मागून राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) मारून बॅटरीचं घर करावं लागतं. स्क्वायरच्या प्लेटची भोकं बारीक असतात, बाहेरच्या पॉटची (नॉबखालच्या भागाची) मान ९.५ मिलीमीटरची, गोल कानशीने वाढव. तीनच भोकं आहेत, तेव्हा टू-बँड (बेस आणि ट्रेबल) आणि एकावर एक नॉबवाला पॉट घे. व्हॉल्यूमचे २५० केचे (किलोओह्मचे) पॉट बदलू देऊ नकोस. माझ्या कारागिराने 'अ‍ॅक्टिव्हला २५ केच लागतात' म्हणून तेच लावले. ते ईएमजीसारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपला चालतात. पॅसिव्ह पिकअपवर मिक्सरसारखाच भार पडला, आवाज मेला आणि सोल्डरचे सगळे डाग पुन्हा काढावे लागले.

कोथरूडचा_जेमर्सन
तारा शेवटच्या कधी बदलल्यास?

खर्जातला
तारा नव्या आहेत. काल रिहर्सलला मित्राचा डीआय लावून पाहिला. खरंच जमीन-अस्मानाचा फरक, बोर्डामागचे यांचे आभार. तरी प्रीअ‍ॅम्प बसवतोच आहे. आमचा साउंडवाला गाण्यागणिक बदलतो काही नाही, मला बेस-ट्रेबल माझ्या हातात हवंय. साधं टू-बँड मागवलं, पॅसिव्हवर टाकायचा पुश-पुल (ओढून बदलायचा) नॉब आहे. बॅटरीच्या घरासाठी आमच्या सुताराशी बोललोय, डीआय पुढच्या महिन्यात.

टापकीर_गल्ली
खोली मोजून दे त्याला. पलीकडून पिकगार्डखाली राउटर निघायला नको.

पेठकर
लाकूड कोरण्याआधी एकदा विचार कर. माझी पाच तारी अजून विकायची आहे. व्यनि कर.