मदत हवी आहे: पॉर्नची सवय, सांगली-मिरजेत कुणाला दाखवू?

नमस्कार मंडळी. वय २६, विश्रामबागला राहतो. अकरावीत मोबाईल हातात आला तेव्हापासून ही सवय आहे. आता घरात लग्नाची बोलणी चालू झालीत आणि मला झोप लागत नाही.

या वेळी सोडून १९ दिवस झाले. दिवसभर कामात आठवणही येत नाही. पण रात्री अकराला घरचे झोपले, दार लोटलं, अंथरुणावर फोन घेतला की हात आपोआप तिकडे जातो. मेंदू ती वेळ, ती जागा, तो एकटेपणाच खूण म्हणून धरून ठेवतो, असं वाचलं. माझं अगदी तसंच आहे. २०१४ चा जर्मनीतला ६४ पुरुषांचा अभ्यासही वाचला. जास्त पाहणाऱ्यांच्या मेंदूतल्या एका भागात करडा पदार्थ (ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूच्या पेशी दाटीने असलेला भाग) कमी दिसला. पण तो पाहण्यामुळे कमी झाला की आधीपासून कमी होता, हे त्यातून ठरत नाही. तेवढाच धीर.

मिरजेत दवाखाने पुष्कळ, पण यासाठी मानसोपचारतज्ज्ञ बघू की समुपदेशक? यातून बाहेर पडलेल्यांनी रात्रीची ती वेळ कशी काढली? आजपासून फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावणार आहे. होणाऱ्या बायकोला सांगावं का? मोकळेपणाने लिहा, मेसेज केला तरी चालेल.