हॉस्टेलच्या सत्रात गर्भनिरोधनाबद्दल नेमकं काय सांगायचं?

अंबाझरी_रोड:
रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजना) दीड तासाच्या सत्रासाठी मुद्दे हवेत. श्रोते पदवी-पदव्युत्तरचे, सगळ्यांना १८ पूर्ण. निनावी चिठ्ठ्या मागवल्या, तर बहुतेक ७२ तासांच्या गोळीवरच (संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळी): "महिन्यातून दोनदा चालते का?", "घेतल्यावर पाळीपर्यंत सेफ ना?" कंडोमबद्दल कोणी विचारूनच नाही राहिलं. सुरुवात कुठून करू?

गोळी_आणि_डोस:
दुसऱ्या चिठ्ठीपासून. सगळा घोळ तिथंच आहे.

या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिग्रॅ असतं. ते बीज सुटणं लांबवतं, बस. बीज आधीच सुटलं असेल तर गोळीचा उपयोग जवळपास शून्य, म्हणून ७२ तासांची वाट न पाहता जितकी लवकर तितकी बरी. आणि लांबलेलं बीज पुढं कधीतरी सुटणारच. सोमवारी गोळी घेतली आणि शुक्रवारी पुन्हा विनाकंडोम संबंध आला, तर सोमवारची गोळी शुक्रवारचं काहीच सांभाळत नाही. उलट बीज नेमकं तेव्हाच सुटू शकतं. फळ्यावर आठवडा काढून दाखवा, लगेच कळतं.

दोनदा घेतली तर विषबाधा होत नाही, पण पाळीचा हिशेब बिघडतो आणि भरवसाही नेहमीच्या साधनांपेक्षा कमीच. घेतल्यावर २ तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर असर घटतो. तिथं संबंधानंतर ५ दिवसांच्या आत तांबी बसवणं जास्त खात्रीचं. पाळी तारखेपेक्षा आठवड्याहून जास्त लांबली तर सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी.

डेमो_करा_बाप्पा:
कंडोमवर चिठ्ठी येणार नाही, कारण तो आधी घ्यावा लागतो. आधी घेतला म्हणजे "ठरवून केलं", नंतर गोळी घेतली म्हणजे "चुकून झालं". मेडिकलवाल्यासमोरची लाज त्यानंतरची गोष्ट. हे एकदा सत्रात मोठ्यानं बोला, मग लाकडी मॉडेल काढा.

पाकिटावरची तारीख बघा. कंडोम बोटानं एका बाजूला सारून दुसऱ्या कडेनं फाडा. दात, कात्री नको. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि गुंडाळी बाहेरच्या बाजूला ठेवून मुळापर्यंत उलगडायची. उलटा लागला तर फिरवून तोच वापरू नका, नवा घ्या. काम झालं की ताठरपणा असतानाच मूळ धरून बाहेर काढा. दोन एकावर एक घालणं हा शहाणपणा नाही, घासून फाटतात.

फाटण्याची मोठी कारणं दोन. एक खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन: कंडोमचं रबर (लॅटेक्स) मिनिटांत कमजोर होतं, पाण्यावर आधारित जेलच हवं. दुसरं आपलं ऊन. मे महिन्यात ४५ अंशांत गाडीच्या डिक्कीत किंवा मागच्या खिशातल्या पाकिटात पडलेला कंडोम फेकूनच द्यावा.

आणि गोळी एचआयव्ही, गनोरिया थांबवत नाही.

कुटुंबकल्याण_खिडकी:
नियमित संबंध असतील तर नियमित साधन. सरकारी दवाखान्यात निरोध, माला-एन, छाया, अंतरा मोफत मिळतं. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या, २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत सुरू करायची. एक विसरली तर आठवताच घ्या. सलग दोन विसरल्या तर गोळ्या चालू ठेवून ७ दिवस कंडोम. अंतरा म्हणजे दर ३ महिन्यांनी इंजेक्शन. छाया ही बिनहार्मोनची गोळी: पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरुवात. तो रविवार असेल तर रविवार-बुधवार, पुढं फक्त रविवार.

गर्भ राहिलाच तर गर्भपाताच्या गोळ्यांचं किट स्वतः घेऊ नका. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात नवऱ्याऐवजी "जोडीदार" हा शब्द आहे, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. १८ पूर्ण असेल तर संमती फक्त तिची, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक.

अंबाझरी_रोड:
पीसीओडीच्या (बीजकोशाचा त्रास, पाळी अनियमित) मुली बऱ्याच असतात. छाया चालेल?

कुटुंबकल्याण_खिडकी:
नाही. पीसीओडी किंवा अलीकडे कावीळ झालेली असेल तर छाया देत नाहीत. तिथं माला-एनसारखी गोळी बसते का, ते बीपी आणि मायग्रेन विचारून डॉक्टर ठरवतात. हा प्रश्न सत्रात तुम्हीच आधी काढा, मुली हात वर करणार नाहीत.