अनुभव धागा: माणूस आतून खचलंय हे कळल्यावर तुम्ही काय केलंत?

१० सप्टेंबरला जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन असतो, तेव्हा भाषणं भरपूर होतात. इथं भाषण नको. घरातल्या, शेजारच्या, वर्गातल्या कुणाला जीव नकोसा झालाय असं वाटलं तेव्हा तुम्ही नेमकं काय बोललात, काय केलंत, कशाचा उपयोग झाला नि कशाचा नाही, तेवढंच लिहा. नाव-गाव नको. कुणी काय करून घेतलं याचं वर्णन तर अजिबात नको, वाचणाऱ्यांत तशाच मनःस्थितीतलं कुणी असू शकतं. आणि ज्याला या घडीलाच गरज आहे त्यानं धागा वाचत बसू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका दिसत असेल तर १०८ किंवा ११२.

परभणी जिल्हा, शेती

माझे दाजी. सोयाबीन पाण्यात गेलं, वर सावकाराचं व्याज. दाजी मुळात बोलके, पारावर बसले की उठायचं नाव नाही. ते एकाएकी सगळ्यांचे हिशेब मिटवायला लागले. कुणाची आणलेली पहार परत केली, किराणावाल्याची उधारी चुकती केली, पोराला पासबुक कुठं असतं ते दाखवलं. बहिणीला वाटलं, चला, माणूस मार्गी लागलं. मला काही ते बरं दिसेना.

शेतात गाठलं. बांधावर बसून तंबाखू मळता मळता सरळच विचारलं, "दाजी, जीव द्यायचं डोक्यात यायलंय का?" असं विचारलं तर नसलेलं मनात भरेल, ही भीती लोकांना असते. तसं होत नाही, डॉक्टरही हेच सांगतात. दाजी बराच वेळ नांगरटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुला कसं कळालं?" मी उपदेश केला नाही, सुचलाही नाही. "कधीपासून?" एवढंच विचारलं आणि ते दिवस मावळेपर्यंत बोलत राहिले.

घरी आल्यावर पहिलं काम फवारणीच्या औषधांचं. होतं नव्हतं तेवढं सगळं माझ्या शेतातल्या आखाड्यावर नेऊन कुलपात टाकलं. ती घडी टळली की माणूस बऱ्याचदा सावरतं, म्हणून त्या घडीला हाताशी काही नसणं लई महत्त्वाचं. रात्री आळीपाळीनं कुणीतरी सोबतीला. दुसऱ्याच दिवशी सिव्हिलला मानसोपचारवाल्यांना दाखवलं. सावकाराचं त्यानंतर. विनापरवाना सावकारीविरुद्ध २०१४ चा कायदा आहे, सहकार खात्यातल्या निबंधकाच्या कचेरीत तक्रार करता येते, सावकारानं बळकावलेली जमीन परत मिळायचीही त्यात सोय आहे. आमची तक्रार अजून चालूच आहे. पण पोचपावती हातात पडली त्या रात्री दाजींनी दुसरी भाकर मागून घेतली.

लातूर, मेस चालवते

माझ्याकडं नीटची तयारी करणाऱ्या पोरींचे डबे असतात. एकीचा डबा न उघडताच परत यायला लागला. चाचणीचे मार्क ग्रुपवर पडायचे त्या दिवशी तर हमखास. खोलीवर गेले. "काकू, कुणाला सांगू नका," म्हणत तिनं जे सांगितलं त्यानं माझे हातपाय गार पडले. म्हणलं, "बाई, हे मी एकटीच्या पोटात ठेवणार नाही. पण तुझ्या माघारीही काही करणार नाही, तुझ्यासमोरच फोन लावते." बाप हिंगोलीकडचा, रात्रीच्या एसटीनं आला. आल्या आल्या "पुढच्या वर्षी दे की परीक्षा" सुरू केलं, तर मी त्याला गप केलं. पोरीला पुढचं वर्षच नको झालं होतं, तिथं परीक्षेचं काय घेऊन बसलात! मग तो नुसता शेजारी बसला. माझं मत विचाराल तर बापानं तेवढंच करायचं असतं. डॉक्टर, औषधं त्यानंतर झालीच.

धाराशिव, आशा कार्यकर्ती

शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करायचा सरकारचा प्रेरणा प्रकल्प आला तेव्हापासून हे प्रश्न तोंडपाठ झालेत: झोप लागते का, जेवण जातं का, जगून काय उपयोग असं वाटतं का. ओसरीवर चार माणसांत विचारलं की सगळे "बरंय की" म्हणतात. माणसाला गोठ्याकडं, विहिरीकडं चालत न्यावं, चालताना बोलतात. एक सांगू का, सगळे शेतकऱ्याचं बोलतात, घरातल्या सुनेला कोण विचारतं? तिचं दुखणं डोकेदुखी म्हणून येतं, उपकेंद्रात गोळी घेऊन जातं. सासू बाहेर गेल्यावर मी परत जाते.

नांदेड

मी पलीकडच्या बाजूचा. मला सगळ्यात जास्त ऐकावं लागलेलं वाक्य, "बायकापोरांचा विचार कर." विचार तोच तर चालू होता, की मी नसलो तर त्यांचं ओझं उतरेल. "तुला काय कमी आहे" हे दुसरं. मित्रानं मात्र काहीच समजावलं नाही. सोबत ओपीडीच्या रांगेत उभा राहिला, डॉक्टरांचं नीट ऐकलं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला जपावं लागतं, हे त्याला आधीच कळलं होतं. म्हणून पहिल्या आठवड्यात मी "काही फरक नाही, बंद करतो" म्हणालो तेव्हा तो चिडला नाही. रोज रात्री यायचा, गोळी घेतली का बघायचा, मग क्रिकेटच्या गप्पा.

जालना, सध्या नोकरीला पुण्यात

सरळ विचारा हे खरं, पण फोनवर ते अवघड जातं. भावाला विचारलं तर त्यानं फोनच ठेवला. मी लगेच चुलत्यांना त्याच्याकडं पाठवलं. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, म्हणजे प्रश्न वाया गेला नव्हता. मग आम्ही दोघांनी मिळून एक कागद केला: फार जड व्हायला लागलं की आधी कुठं जाऊन बसायचं, मग कुणाला फोन, तो नाही उचलला तर कुणाला, शेवटी १४४१६. तो कागद त्याच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये असतो. मीही वाटून घेतलंय, शनिवार-रविवार चुलत्यांचे. एकटीनं सगळं पेलायला गेले असते तर मीच कोलमडले असते.

बीड, सरकारी दवाखान्यात नोकरी

पोलीस केस होईल म्हणून लोक जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला दवाखान्यात आणत नाहीत, नाहीतर उशिरा आणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं, की असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असं धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. नोंद होईल, विचारपूस होईल, तेवढ्याला घाबरू नका. आधी आणा.

केज, नवीन सदस्य

आमच्या मावशीला दाखवायचंय. घरचे म्हणतात आधी देवाचं बघू. मोठा मानसोपचार विभाग जवळ कुठं?

बीड, सरकारी दवाखान्यात नोकरी

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात आहे. देवाचं करायला कुणाची ना नाही, पण दवाखाना आधी. चालू गोळ्या असतील त्या पिशवीत घालून आणा आणि मावशीसोबत रात्री झोपणारं माणूस बरोबर घ्या, डॉक्टर त्यालाच जास्त विचारतात. तोवर १४४१६ वर तुम्हीही बोलू शकता, घरच्यांनी केलेला फोनही घेतात.