बिघडलेला व्हिडिओ गेम बदलून घेताना : इंदूरकरांचे अनुभव

रामबागकर

शेजारचा मुलगा परवा आपला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेमचे यंत्र, पिशवीत घालून वडिलांबरोबर जेल रोडच्या दुकानाकडे निघाला होता. त्याचा चेहरा पाहिला आणि आमच्या घरचे जुने प्रकरण आठवले. आमचा कन्सोल सुरू होत असे, चित्रही स्वच्छ येत असे. परंतु काही वेळाने पंख्याचा आवाज वाढत जाई आणि ऐन खेळात तो बंद पडे. दुकानाच्या काउंटरवर मात्र तो प्रत्येक वेळी उत्तम चालला, कारण तापण्याइतका वेळ तेथे तो कोणी लावून ठेवतच नव्हते, आणि सर्व्हिस सेंटरने ‘दोष आढळला नाही’ असे कागदावर लिहून तो परत दिला. शेवटी मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही यंत्रावरचा सीरियल नंबर, भिंतीवरचे घड्याळ आणि टीव्हीचा पडदा हे तिन्ही दिसतील असे सलग चित्रीकरण मोबाईलवर केले. ते पाहिल्यावर तेथील प्रमुखांनी आमच्यासमोर यंत्र चालू ठेवण्याचे मान्य केले. ते बंद पडले आणि बदली मंजूर झाली. अधूनमधून बंद पडणाऱ्या यंत्राचा दोष सिद्ध करण्याचे ओझे विकत घेणाऱ्याच्याच डोक्यावर यावे, हे मला आजही अन्यायाचे वाटते. आपण अशा वेळी काय केलेत, ते अवश्य लिहा.

लोकमान्यनगरचे काका

आमच्या काळी, म्हणजे नव्वदीच्या दशकात, टीव्हीला जोडायचे आठ बिटांचे गेम घरोघरी आले. त्यात बिघडण्याचा पहिला मान अडॅप्टरचा असे. आमचा जळाला तेव्हा दुकानदाराने यंत्र बदलून देण्यास नकार दिला, म्हणून वडिलांनी महारानी रोडवरून दुसरा अडॅप्टर आणला. व्होल्ट जुळले म्हणजे झाले असे पुष्कळांना वाटते, परंतु पिनेच्या आत ऋण आहे की धन हेही जुळावे लागते, आणि त्या पिढीच्या बऱ्याच यंत्रांत आत ऋण असे. वडिलांनी जुन्या अडॅप्टरवरचे चिन्ह पाहूनच नवा निवडला, म्हणून यंत्र वाचले. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची सवय मात्र सर्वांनाच होती. फुंकरीने नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा बसवताना संपर्कबिंदू घासले जात, म्हणून खेळ सुरू होई. उलट तोंडातल्या ओलाव्याने तेच धातूचे बिंदू पुढे गंजत.

सुदामानगरची आई

काकांनी अडॅप्टरचे लिहिले, मी आतल्या खेळांविषयी लिहिते. आमचे बदली यंत्र आले तेव्हा घरात सर्वांना आनंद झाला, फक्त माझा मुलगा गप्प होता. धाकट्या मावशीच्या लग्नाआधीपासून तो आणि त्याचे आजोबा मिळून एक खेळ खेळत होते, आणि तो जुन्या यंत्राच्या आतच राहिला. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ या छापील वाक्यावर बोट ठेवले. ते वाक्य यंत्र सोपवण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवणे त्यांचे कर्तव्य आहे, असे माझे ठाम मत आहे. यंत्र चालू होत असेल तोवरच प्रत काढून घ्या. पीएस ४ मध्ये, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ मध्ये, सेव्ह केलेला खेळ पेन ड्राइव्हवर घेता येतो. पीएस ५ च्या खेळांचे सेव्ह तसे सुटे घेता येत नाहीत, त्यांसाठी पीएस प्लस या सोनीच्या सशुल्क सदस्यत्वातले क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, वापरावे लागते किंवा संपूर्ण यंत्राचा बॅकअप यूएसबी ड्राइव्हवर घ्यावा लागतो.

रामबागकर

ताई, हे वाचून फार वाईट वाटले. आजोबांनी पुन्हा सुरुवातीपासून खेळायला घेतले का?

सुदामानगरची आई

हो दादा, घेतले. संध्याकाळी फिरून आले की दोघे बसतात.

दुरुस्तीवाला, सियागंज

मी अनेक वर्षे अशी यंत्रे उघडत आलो आहे, त्यामुळे कारणांविषयी थोडे लिहितो. या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलचे आहे. २००५ मध्ये अमेरिकेत आणि २००६ मध्ये भारतात आलेल्या या यंत्रावर बिघाड झाला की पुढच्या वर्तुळाचे तीन भाग लाल होत. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडापुरती वॉरंटी ३ वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. तापणे आणि थंड होणे वारंवार घडले की चिपच्या सूक्ष्म जोडण्या ताण सोसता सोसता तडकतात. त्या काळी लोक यंत्र टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवत, आणि ते थोडे दिवस चालेही. परंतु तडकलेली जोडणी त्याने खऱ्या अर्थाने जुळत नाही, शिवाय आग लागण्याची भीती असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, म्हणून टीव्हीच्या बंद कपाटात कन्सोल ठेवू नये. वॉरंटी चालू असताना माझ्याकडे कोणी आले तर मी यंत्र उघडत नाही, आधी सर्व्हिस सेंटरला पाठवतो. सील तुटले की पुढचा वाद ग्राहकालाच जड जातो.

नारायणबागची मावशी

दादा, हातात धरायच्या कंट्रोलरची काडी आपोआप एका बाजूला सरकते, तेही याच कारणाने होते का?

दुरुस्तीवाला, सियागंज

नाही मावशी, ते झिजेमुळे होते. काडीखालच्या पट्टीवर एक संपर्क सतत घासत असतो, आणि पट्टी झिजली की हात न लावताही यंत्राला हालचाल झाल्यासारखी वाटते. चुंबकीय संवेदक असलेल्या काडीत असे घासणे नसते, म्हणून ती अधिक टिकते. कंट्रोलर वॉरंटीत असेल तर तोही बदलून मागा.

स्नेहलतागंजचा वाचक

माझ्या मेहुण्यांनी परदेशातून कन्सोल आणून दिला होता. तो बंद पडल्यावर येथील सेंटरने सांगितले की वॉरंटी खरेदीच्या देशापुरतीच आहे. तो पुन्हा तिकडे जाणाऱ्या नातेवाइकाबरोबर पाठवावा लागला. स्वस्त मिळतो म्हणून बिलाशिवाय आयात केलेले यंत्र घेणाऱ्यांनी हा विचार आधीच करावा.

ग्राहक पंचायतीत काम केलेला

आम्हाला बदली देताना एकदा नवे यंत्र देतो म्हणून सांगितले आणि प्रत्यक्षात दुरुस्त केलेले जुने दिले. आम्ही ते स्वीकारण्यापूर्वीच ‘नवे की दुरुस्त केलेले, आणि यावर वॉरंटी किती’ हे जॉब शीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून मागितले. ते लिहून देण्यास टाळाटाळ झाली, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि त्यानंतर खरोखरच नवे यंत्र मिळाले. प्रकरण तेथे सुटले नाही, तर २० जुलै २०२० पासून लागू झालेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाताशी आहे. कंपनीचे कार्यालय कोठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. दोषरहित नवी वस्तू किंवा भरलेली किंमत परत, असा आदेश आयोग देऊ शकतो. तोंडी आश्वासनाला मात्र तेथे आधार नसतो, म्हणून प्रत्येक भेटीचा कागद जपा.

सुदामानगरची आई

हे आम्हाला तेव्हा कळले असते तर बरे झाले असते. नवे यंत्र मिळाल्यावर जुन्या बिलाचे काय करायचे? त्यावर तर आधीचाच सीरियल नंबर असतो.

ग्राहक पंचायतीत काम केलेला

ताई, बदलीच्या कागदावर दोन्ही सीरियल नंबर, तारीख आणि शिक्का घ्यावा आणि तो मूळ बिलाला जोडून ठेवावा, म्हणजे पुढे वॉरंटी मागताना अडवणूक होत नाही. यंत्र घरी नेण्यापूर्वी तेथेच टीव्हीला जोडायला सांगा आणि रामबागकरांनी लिहिल्याप्रमाणे चांगले तापेपर्यंत चालू ठेवा.