तळटिपा गाळल्यात? मग वाचलंत काय?

कुणीतरी लिहिलंय की बार्टिमियस या जिन्नाच्या पुस्तकांतल्या (जोनाथन स्ट्राउडच्या जादूच्या कादंबऱ्या) तळटिपांनी लय तुटते, म्हणून त्या गाळूनच वाचल्या. अहो, हे म्हणजे इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे आमच्या खाऊबाजारात जाऊन भुट्ट्याचा किस लिंबू-जिरावन मसाल्याशिवाय खाण्यासारखं झालं! (इंदूरकराला दुसरी उपमा सुचत नाही, माफ करा.)

पाच हजार वर्षांचा हा जिन्न नाथानिएल नावाच्या एका शाळकरी वयाच्या जादूगार पोराच्या हुकमाखाली राबतोय. काम नाकारायची सोय नाही, मग उरतं ते तोंड. त्या तळटिपा म्हणजे त्याची तेवढीच मोकळीक. आणि गंमत बघा, त्या फक्त त्याच्याच प्रकरणांत आहेत. नाथानिएलची प्रकरणं तृतीयपुरुषी, इस्त्री केलेली, त्या पोरासारखीच. दुसऱ्या भागात किटी नावाच्या मुलीलाही स्वतःची प्रकरणं मिळतात. मला तर तीच जास्त आवडते.

मूळ तीन भाग २००३ ते २००५ मधले. २०१० चा सॉलोमन राजाच्या काळातला भाग वेगळाही वाचता येतो, पण आधी हे तीन उरका. शेवटाबद्दल मी गप्प.

आमच्याकडे धाकटी तळटिपा मोठ्यानं वाचून, मराठी करून सांगते. परवा आजी देवघरातून ओरडली, "कोण गं हा मेला, एवढा तोंडाळ?"